आतलं पाणी

प्रिय हेझल,

फोनवर हे सांगायला गेले तर तू मध्येच "बरं, ठेवते" म्हणशील, आणि मीही तुला ठेवू देईन. म्हणून कागद घेऊन बसले आहे. धुकं उठलं आणि विमान उतरलं, तर टपाल उद्या निघेल.

इकडचं काय सांगू? मासे यंदा धड वाळलेच नाहीत. पाऊस थांबतच नव्हता, निम्म्यांना बुरशी आली. बर्फ लवकर सुटलं आणि उन्हाळाभर समुद्रात जहाजांची रांग लागली होती. वेस्लीदादा दारात बसून त्यांच्याकडे बघतो आणि म्हणतो, "पूर्वी इथे बसून अस्वलं बघायचो, आता ही धुडं. यांची तर कातडीसुद्धा कामाची नाही." गावात हसवणारा तेवढा एकच उरला आहे.

गेल्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. अँकरेजहून माणसं आली होती. भर समुद्रात इंजिन बंद पडलेलं किंवा भोक पडलेलं जहाज मदत येईपर्यंत कुठे नांगरून ठेवायचं, अशा जागा ती आपल्या किनाऱ्यावर शोधत आहेत. त्यांची प्रमुख म्हणजे एक तरणी पोरगी, बोलायला गोड. तिनं टेबलभर नकाशा पसरला, सगळ्यांना कॉफी दिली आणि म्हणाली, "तुम्ही शिकार कुठे करता तेवढं दाखवा, त्या जागा आम्ही सोडून देऊ." मग कुणी सीलची जागा दाखवली, कुणी हंसांची, बायकांनी बेरी वेचायचे उतार दाखवले. लांब वाळूच्या दांड्यामागचं आतलं पाणी मात्र कोरंच राहिलं. नकाशावर तिथे बोट टेकवणार कोण? तिथे शिरणाऱ्या पांढऱ्या व्हेलना ऐकू येतं, 'येणार' म्हटलं की ते येत नाहीत, हे आपल्या हाडात बसलेलं. तुला आठवतं, ते आत शिरायच्या दिवसांत बाबा चूलही पेटवू द्यायचे नाहीत? एकदा तुझ्या हातून किटली पडली आणि तू खो खो हसलीस. बाबा रागावले नाहीत, पण दिवसभर तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तू माझ्या फरच्या पार्क्यात तोंड खुपसून रडलीस.

ती कोरी जागा बघून पोरगी हरखूनच गेली. "खोल आहे, वारा लागत नाही, आणि कुणी वापरतही नाही!" असं म्हणून तिनं तिथे लाल टाचणी खुपसली. इथे जहाजं ठेवली तर चालेल ना, नको असेल त्यानं हात वर करा, म्हणाली. अख्ख्या हॉलनं नाकं आक्रसली. नाही म्हणजे नाही, आणखी कसं सांगायचं? ती बिचारी वर झालेले हात शोधत होती. एकही दिसला नाही, तेव्हा तिनं 'हरकत नाही' असं लिहून घेतलं. वेस्लीदादा आपल्या भाषेत पुटपुटला, "एवढी नाकं वाकडी झाली, आणि हिला वाटतंय कॉफी कडू आहे."

त्यांच्याबरोबर ओरिन नावाचा एक माणूस होता. त्याच्या डाव्या हाताची बोटं थंडीनं गेलेली आहेत. सभा उठल्यावर तो माझ्याजवळ आला आणि त्यानं तुझी चौकशी केली, क्लाइडची आई कुठे राहते म्हणून. हेझल, तो त्याच बुडालेल्या टगबोटीवर होता. आपल्या क्लाइडच्या. वाचलेल्यांतला एक. मी त्याला घरी आणलं. चहा, पायलट बिस्किटं, त्यातल्या त्यात बरा वाळलेला मासा समोर ठेवला.

कंपनीनं सडकी बोट पाठवली असं तू म्हणत आलीस, आणि ते खरंच आहे, ओरिनही तेच म्हणतो. पण त्यानं पुढचंही सांगितलं. एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं अजून धुगधुगत होतं. डिझेल गळत होतं. कप्तानाच्या नकाशावर या बाजूला काहीच नव्हतं, म्हणून त्यानं क्लाइडला विचारलं, "तू इथलाच ना रे? कुठे आडोसा आहे का?" क्लाइडनं काचेतून किनाऱ्याकडे पाहिलं आणि नाक आक्रसलं. ओरिनला वाटलं, पोराला मळमळतंय. कप्तानानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग शेवटपर्यंत क्लाइड दोघांचं काम एकटा करत राहिला. ओरिनला तराफ्यात ढकललं ते त्यानंच. कप्तान आणि तो मागेच राहिले.

"इतका चलाख पोरगा, त्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणजे जागा नसणारच," ओरिन म्हणाला. मला मात्र त्या नाकाचा अर्थ कळला. ज्या पाण्यात तो वल्हं धरायला शिकला, त्याच पाण्याच्या तोंडासमोरून ते सगळे वाहत चालले होते. गळणारी बोट आत न्यायची नाही, असं त्यानं ठरवलं. आपल्यासाठी. क्षणभर मला त्याचा अभिमान वाटला गं. आणि मग आठवलं, तो ऑक्टोबर होता. व्हेल केव्हाच निघून गेले होते. डिझेल पसरलं असतं, पाणी नासलं असतं, आपण वर्षभर हळहळलो असतो, आणि क्लाइड माझ्या समोर बसून मासा खात असता. बोलू नकोस, हे आपण सगळ्यांनी त्याला शिकवलं. आता बोललास तरी चालेल, हे कुणी कधी सांगितलंच नाही. तेव्हापासून मला बाबांचा फार राग येतो आहे. मेलेल्या माणसाचा राग कुठे नेऊन टाकायचा, कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान यायच्या आत मी त्या पोरीला गाठलं आणि नकाशावर आतल्या पाण्यावर बोट टेकवलं. मोठ्यानं सांगितलं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथे पांढरे व्हेल येतात, तेव्हा एकही जहाज नको. ते गेले की बर्फ धरेपर्यंत जो अडला असेल त्याला येऊ दे. वेस्लीदादा शेजारी होता. माझा आवाज ऐकून त्याचा चेहरा उतरला. वाटलं, उठून जाईल. पण त्यानं तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि दांड्याच्या टोकाजवळून आत शिरायची खोल वाट काढून दिली. पोरीनं आधीचं लिहिलेलं खोडलं. नंतर म्हणाली, "या जागेचं नाव काय लिहू?"

आपण कधी नाव घेतलंय का त्याचं? मी म्हटलं, एका माणसाला विचारून सांगते. म्हणून हे पत्र. गेलेल्याचं नाव नव्या बाळाला दिलं की तो घरी परततो, पण आपल्या घरात नाव द्यायला बाळच नाही. मला त्या पाण्याला क्लाइडचं नाव द्यायचंय. त्याला कधी न पाहिलेले कप्तान वादळात रेडिओवर सांगतील, "क्लाइडकडे वळतोय." पण पोर तुझं, नाव तुझ्या शब्दाशिवाय जाणार नाही. सोसणार नसेल तर तसं सांग, मी तिला नुसता आकडा टाकायला सांगेन. पत्र पोचलं की मी फोन करीन. हेझल, फोनवर मला तुझ्या उचललेल्या भुवया दिसत नाहीत, आक्रसलेलं नाकही दिसत नाही. हो म्हण, नाही म्हण, पण या वेळी तोंडानं बोल.

तुझीच थोरली,
लेनोरा