मेहुण्याच्या क्लबसाठी कॅमेरा

२ मार्च
ठरलं. मेहुण्याच्या नव्या नाइटक्लबच्या उद्घाटनाचे फोटो मीच काढणार. फोटोग्राफर फार मागतो, असं तो म्हणाला. मी म्हणालो, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? भारावला असावा.
टाइल्सच्या शोरूममध्ये आयुष्य घालवायला मी जन्मलेलो नाही.

३ मार्च
हिला सांगितलं, वॉशिंग मशीनचे पैसे कॅमेऱ्यात घालू. ही म्हणाली, मग कपडे कोण धुणार? मी म्हणालो, मी. तत्त्वाचा प्रश्न होता.

६ मार्च
डोळे लाल होईपर्यंत व्हिडिओ पाहिले. निष्कर्ष: अंधारात मेगापिक्सेलला कुत्रं विचारत नाही. लेन्सचा आकडा लहान हवा, १.८ वगैरे. आकडा लहान तेवढा उजेड जास्त. बॉडी सेकंडहँड चालेल, पैसे लेन्सवर घालावेत. स्वस्त आणि मस्त. विषय संपला.

७ मार्च
विषय संपला नव्हता. दुकानात १.८ची लेन्स पाहिली. बाटलीच्या बुचाएवढी! ती लावून गेलो तर मला फोटोग्राफर कोण म्हणेल? शेजारी जुनी झूम होती, हातभर लांब, त्याच किमतीत. दुकानदार म्हणाला, ही उन्हात पक्षी टिपायला बरी, अंधारात आंधळी. मी म्हणालो, कला हातात असते. तो म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही.
झूम घेतली.

१० मार्च, संध्याकाळी
सराव. दिवे घालवून हिला नाचायला सांगितलं. ती नाचली नाही, भांडी घासत राहिली. फोटोत तिला सहा हात आले. मी म्हणालो, यात गती आहे. ती म्हणाली, खरंच सहा हात असते तर तुम्ही परवापासून भिजत घातलेले कपडेही उरकले असते.
कलावंताच्या घरी हे चालायचंच.

१४ मार्च
आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची अंधारात उजेड टिपायची ताकद, शेवटपर्यंत चढवला. फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणे. मोठे लोक हे मुद्दाम आणतात म्हणे.
शोरूमच्या मालकांना सांगून ठेवलं, पुढच्या महिन्यापासून अर्धाच दिवस येईन. ते म्हणाले, सध्या पूर्ण येता का? जळतात.

१९ मार्च
श्वास रोखून बटण दाबलं की चहाचा कप सुरेख येतो. कप हलत नाही, हा त्याचा मोठेपणा. नाचणाऱ्यांनाही समजावून सांगता येईल.

२२ मार्च, दुपारी
काल उद्घाटन झालं. मेहुण्याने सगळ्यांना सांगितलं, हे आमचे दाजी, आजचे फोटोग्राफर. पहिला फ्लॅश उडवला आणि डीजेने गाणं थांबवून माइकवरून विचारलं, कोण आहे रे तो? फ्लॅश बंद. लांब लेन्समध्ये जवळचं मावेना, म्हणून मागे सरकत सरकत बाथरूमच्या दाराशी पोचलो. लोक रांग समजून माझ्यामागे उभे राहू लागले. एका नाचणाऱ्या मुलीला म्हटलं, जरा श्वास रोखून थांबतेस का? तिने विचारलं, काका, बरं वाटत नाहीये का?
एकंदरीत यश.

२३ मार्च
फोटो पाहिले. अंधाराला इतक्या छटा असतात, कल्पना नव्हती. हिने विचारलं, यात माझा भाऊ कुठला? मी बोट दाखवलं. तो खांब निघाला.
ही हसली नाही. म्हणाली, दोन वर्षं खपून त्याने हे उभं केलं, त्या दिवसाचं एवढंच उरणार?
मी कपडे वाळत घालायला गेलो. सगळे पिळून काढले, एकूण एक.

२४ मार्च
मेहुण्याला फोटो दाखवले. तो एकेक पुढे सरकवत होता. अचानक एकावर थांबला. ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ ही दारावरची हिरवी पाटी. अक्षर न् अक्षर लख्ख! म्हणाला, दाजी, हा फोटो मला हवाच होता.
शेवटी कलेची कदर घरच्या माणसालाच.

२७ मार्च
क्लबच्या आगीच्या विम्यासाठी फोटो विमा कंपनीला गेला. तिथे पसंत पडला. आज मेहुण्याचा फोन आला. आग विझवायच्या सिलिंडरचाही एक फोटो हवाय. मी विचारलं, लेन्स कोणती आणू? तो म्हणाला, दुपारी या, मोबाइल पुरे. मग म्हणाला, नाहीतर असं करा दाजी, ताईलाच पाठवा.
ही आत्ताच निघाली. काढेल बरा. दुपारच्या उजेडात काय, कुणालाही जमतं.