अझेलियाची चार लेबलं

॥ श्री ॥

कोहका, भिलाई
९ जानेवारी २०२४

चि. सौ. भाग्यश्रीस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुझ्या मुलाच्या फोनवरून कळलं. आता घाई करू नकोस. फोनवर मला धड ऐकू येत नाही. तुझी ताई होती तेव्हा तीच बोलायची आणि मी मागून माझाही नमस्कार सांग एवढं म्हणायचो. आता मागून म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून हे पत्र.

कमलाला जाऊन तीन महिने होत आले. गेल्या आठवड्यात तिचं लोखंडी कपाट उघडलं. तिने जन्मभर वाळवून जाड कागदांवर चिकटवलेली झाडं त्यात आहेत, एकूण बासष्ट कागद. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात तिच्या हातचं लेबल. तिची जुनी विद्यार्थिनी गुंजन आता दुर्गच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. हे सगळे कागद विभागाच्या संग्रहात कमलाच्या नावाने ठेवायला ती तयार आहे. दहा फेब्रुवारीला पाहायला येणार आहे. एवढं एक काम तिच्या नावाने नीट व्हावं, याखेरीज मला सध्या काही सुचत नाही.

त्यात एक अडचण दिसली. लग्नानंतर एक्याऐंशी साली आम्ही दार्जिलिंगकडे गेलो होतो, तिथले चार कागद आहेत. त्यांवर तिने र्‍होडोडेंड्रॉन लिहिलं आहे. पण नेहरू नगरच्या नर्सरीत अगदी अशाच फुलांच्या कुंड्या आहेत. मी फोनमध्ये फोटो काढून नेला. नर्सरीवाला राजकुमार हसला आणि म्हणाला, अंकल, ये तो अझेलिया है, र्‍होडोडेंड्रॉन का तो बड़ा पेड़ होता है. आपल्या नातीने, मितालीनेही फोनमध्ये शोधून तेच सांगितलं. म्हणजे कमलाची चूक झाली. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती, होऊ शकते. पण ती तिच्याच विद्यार्थिनीला दिसावी असं मला वाटत नाही.

स्टील प्लांटच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं हेच केलं. सॅम्पलवर चुकीचा टॅग दिसला की आधी तो काढून टाकायचा, मग बरोबर टॅग लावायचा. दोन्ही राहिले की पुढचा माणूस फसतो. त्यामुळे चौकातून चार नवी लेबलं टाइप करून आणली आहेत. तुझाही विषय तोच, म्हणून तुझं उत्तर येईपर्यंत थांबणार होतो, पण रिकामं बसवत नाही.

सून आणि मिताली बऱ्या आहेत. पाय जपून टाक. या घरावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊजी,
सुमंत


नागपूर
१५ जानेवारी २०२४

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. लगेच फोन केला. तुम्ही फिरायला गेला होतात आणि मितालीला पुंकेसर म्हणजे काय ते हिंदीतून सांगता सांगता मी हरले. लेबलांना हात लावू नका एवढा निरोप तिच्याकडे दिला आहे. बाकीचं इथे लिहिते.

ताई चुकली नव्हती. पावणेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्यांदा या झाडांना शास्त्रीय नावं दिली, त्यांनी अझेलिया आणि र्‍होडोडेंड्रॉन हे दोन वेगळे वंश मानले. फुलात पुंकेसर पाच असले तर अझेलिया, दहा असले तर र्‍होडोडेंड्रॉन, असा ढोबळ हिशोब होता. पुढे लोकांनी खूप फुलं मोजली. दिसायला अझेलिया आणि पुंकेसर मात्र आठ किंवा दहा, अशीही निघाली. पानं, बी, पानांवरची लव, सगळं पाहिल्यावर दोघांत भिंत घालण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा अझेलियाला र्‍होडोडेंड्रॉनच्याच वंशात घेतलं. आता अझेलिया हे त्या घरातल्या काही लहान झुडपांना हाक मारायचं नाव आहे. सगळ्या अझेलिया र्‍होडोडेंड्रॉन, पण सगळी र्‍होडोडेंड्रॉन अझेलिया नाहीत. जसे तुमचे प्लांटवाले सगळे भिलाईकर, पण भिलाईकर सगळे प्लांटवाले नाहीत. तुम्ही मात्र तसंच समजता.

राजकुमारही खोटं बोलला नाही. तो हाक मारायचं नाव सांगत होता आणि ताई घराण्याचं लिहीत होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या लॅबचा नियम इथे चालत नाही. वाळवलेल्या झाडाच्या कागदावरचं जुनं लेबल कधीच काढत नाहीत, ते चुकीचं असलं तरी. नाव बदलायचं असेल तर शेजारी नवी चिठ्ठी लावायची, तिच्यावर आपली सही आणि तारीख टाकायची. एकेका कागदावर मी चार चार चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. नाव पुन्हा शोधता येतं. झाड कुठून, कधी, कोणी आणलं हे मात्र त्या पहिल्या लेबलावरच असतं. ते गेलं की कागदावर नुसता पाला उरतो, कोणतंही कॉलेज तो घेत नाही.

निरोप वेळेत पोचला असेल असं धरून चालते. तब्येत सांभाळा आणि धाकटीवर राग धरू नका.

तुमची,
भाग्यश्री


कोहका, भिलाई
२१ जानेवारी २०२४

चि. सौ. भाग्यश्रीस,
अ. आ. वि. वि.

तुझा निरोप पोचला. त्याच्या तीन दिवस आधीच माझं काम झालं होतं.

ओला कापूस ठेवून चारही लेबलं मी सोडवली. फाटू नयेत म्हणून बशीत पाणी घेऊन त्यात घातली. तिची शाई जुनी, फाउंटन पेनची. ती सुटली. निळं पाणी बशीत उतरलं आणि लेबलं कोरी झाली. तेव्हा मला त्यात काही वाईट दिसलं नाही. मी ते पाणी मोरीत ओतलं आणि बशी धुऊन ठेवली.

तुझं पत्र आल्यावर ती कोरी लेबलं उन्हात धरून पाहिली. एकावर ‘मी.’ एवढं दिसतं, बहुधा उंचीचं असेल. बाकी काही नाही.

ती बरोबर होती आणि मी तिला दुरुस्त केलं. बेचाळीस वर्षांत तिच्या विषयात मी कधी तोंड घातलं नव्हतं. ती असती तर रागावली असती आणि मला बरं वाटलं असतं.

त्या चार कागदांची नोंद तुझ्याकडे कुठे असेल तर कळव. नसेल तर गुंजन मॅडमना येऊ नका असं सांगतो. चार कागदांत असं झालेलं पाहिल्यावर उरलेल्या अठ्ठावन्नांवर त्या कशा विश्वास ठेवतील? या वेळी जास्त लिहवत नाही. आहे तो जिव्हाळा राहू दे.

सुमंत


नागपूर
२७ जानेवारी २०२४

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

माझ्याकडे नोंद नाही. त्या एप्रिलमध्ये मी दुर्गला रेल्वे क्वार्टरमध्ये परीक्षेचा अभ्यास करत होते आणि ताई एकटी फिरायला गेली म्हणून रुसले होते. एकटी म्हणजे तुमच्याबरोबर, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पण नोंद करणारा माणूस अजून आहे. तुम्ही तिच्यासोबत होतात. मूळ लेबल हरवलं तर जो हजर होता त्याने आठवेल तेवढं लिहावं, आठवणीने लिहिलं असं स्पष्ट सांगावं आणि सही करावी. हे शास्त्रात चालतं. आठवत नाही तिथे अंदाज मात्र घालायचा नाही. अंदाजाने लिहिलेली जागा हरवलेल्या जागेपेक्षा वाईट, कारण ती खरी दिसते.

गुंजनला येऊ द्या आणि सगळं आधीच सांगा. तुम्हाला आठवेल. ताई तुमच्याबद्दल बाबांना सांगायची ते अजून माझ्या कानात आहे: “यायले फुलाचं नाव एक धड येत नाई, पन कोन्त्या वळनावर च्या पेलो ते विचारा.”

जेवण वेळेवर घ्या. पाय बरा झाला की येतेच आहे, तोवर या पत्राला माझ्याऐवजी घरात बसवा.

तुमची,
भाग्यश्री


कोहका, भिलाई
१२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. भाग्यश्रीस,
अ. आ. वि. वि.

गुंजन मॅडम परवा येऊन गेल्या. आधी लेबलांचं सांगतो.

तांबड्या फुलाचा कागद पाहिल्याबरोबर आठवला. कर्सियांग स्टेशनच्या वरच्या रस्त्याला एक टपाल कारकून राहायचे, त्यांच्या कुंपणाची ती फांदी. कमलाने त्यांच्या बायकोकडे रीतसर मागून घेतली. त्या बाईंनी आम्हाला बसवून घेतलं आणि लग्न कधी झालं विचारलं. मी सोळा दिवस म्हणालो, कमला सतरा म्हणाली. तिचं बरोबर होतं, त्यामुळे तारीखही सापडली, १४ एप्रिल.

गुलाबी फुलाचा कागद घूम गावचा. धुकं होतं. झाडं दाबायच्या दोन फळ्या आणि जुनी वर्तमानपत्रं माझ्या पाठीवर होती. तिने मला तिथेच रस्त्यावर बसवलं आणि पाठीवरच्या फळ्यांवर कागद ठेवून लिहिलं. मी हललो की ओरडायची. मी म्हटलं, नाव तर अजून ठरलं नाही, मग लिहितेस काय? ती म्हणाली, नावाची काय घाई, आधी जागा लिहिते. हे मला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

तिसरा कागद ताकदा गावचा, चहाच्या मळ्याजवळचा. तिथे ती घसरली होती आणि फूल वर धरून पडली होती. तिची तारीख नक्की नाही, तशीच लिहिली आहे.

चौथं पांढरं फूल. ते काही केल्या आठवेना. चार दिवस तो कागद समोर ठेवून जेवलो. मिताली म्हणाली, दादाजी, दार्जिलिंग लिख दो ना, कौन देखने जा रहा है. गुंजन मॅडमनीही हळूच सुचवलं की नुसता जिल्हा लिहिला तरी रजिस्टरमध्ये घेता येईल. पण आम्ही शेवटी गंगटोकलाही दोन दिवस होतो. ते फूल तिथलं असेल तर? मी नाही म्हणालो.

मग त्यावर हे लिहिलं:

“ठिकाण आठवत नाही. तारीख आठवत नाही. गोळा करणारी कमला. सोबत सुमंत. तिने र्‍होडोडेंड्रॉन असं बरोबर लिहिलं होतं. ते लेबल मी चूक समजून काढलं. १० फेब्रुवारी २०२४.”

एकसष्ट कागद रजिस्टरमध्ये चढले. हा चढला नाही. मी तो परत कपाटात ठेवायला उचलला, तेव्हा मॅडमनी मागून घेतला. पहिल्या वर्षाच्या मुलांना मूळ लेबल का काढू नये हे त्या दर वर्षी तोंडी सांगतात, मुलं ऐकत नाहीत. हा कागद वर्गात दाखवायला हवा म्हणाल्या. तुम्हाला बरं वाटणार नसेल तर खालची ओळ कागदाच्या पट्टीने झाकते, असंही म्हणाल्या.

मी झाकू नका म्हणालो.

घरातले सगळे तुझी वाट पाहत आहेत. दुर्गला उतरलीस की मी स्टेशनवर असेन. जशी तिची होतीस तशीच आमचीही राहा.

तुझा भाऊजी,
सुमंत