श्वास सोडून खेळलेली सकाळ

प्रिय सुनंदा,

तुला पत्र लिहिण्याची मला सवय नाही. छत्तीस वर्षे एका घरात राहिलेल्या माणसांना पत्रांची गरज पडत नाही. परंतु आज सकाळी जे घडले ते प्रथम तुलाच सांगणे उचित होते, आणि दुसरा मार्ग मला सुचला नाही. आज मला पूर्ण श्वास घेता आला. तू गेल्यानंतर सव्वा वर्षाने, प्रथमच!

तुला हे ठाऊक नसणार. तू गेल्यापासून माझा श्वास छातीच्या मध्यावर येऊन अडकत असे. जिना चढताना, भाजी निवडून घेताना, कधी नुसते वर्तमानपत्र वाचताना. आपल्या मुक्ताने दोनदा हिंजवडीहून धावत येऊन मला दवाखान्यात नेले. सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या. तिचे समाधान झाले नाही. "बाबा, तिसऱ्यांदा असं झालं ना, तर निगडीचं घर बंद. तुम्ही माझ्याकडे यायचं. मी ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना तुम्हाला काही झालं तर?"  मी होकार दिला.

त्यानंतर तिसऱ्यांदा झाले. चौथ्यांदाही झाले. मी तिला कळवले नाही. मला हे घर सोडायचे नव्हते, सुनंदा. लेकीशी खोटे बोलण्याची वेळ माझ्यावर यावी!

गेल्या आठवड्यात सलीमभाई घरी आले. भोसरीत गॅरेज असलेले, आपल्या सेक्टरच्या टेनिस कोर्टावर रोज सकाळी तुझ्यासमोर खेळणारे. दारातूनच म्हणाले, "साहेब, गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. रॅकेट काढा."

मी नकार दिला. ते सोफ्यावर ऐसपैस बसले. "मग चहा टाका. मी काय आता उठत नाही."

अखेर मीच उठलो.

पहिल्या दिवशी मी पूर्वीसारखाच खेळलो. प्रत्येक फटका पूर्ण ताकदीने आणि अगदी रेषेवर. निम्मे चेंडू जाळ्यात, उरलेले कुंपणापलीकडे, आणि छाती पुन्हा कोंडली. मी बाकावर बसलो. सलीमभाई शेजारी येऊन बसले.

"साहेब, एक बोलू? राग मानायचा नाही."

"बोला."

"बॉल आला की तुम्ही दम कोंडता. गाल फुगतात तुमचे! वहिनी काय म्हणायच्या, माहितीये? आमचे हे बॉल मारत नाहीत, मोजतात."

हे तू सलीमभाईंना सांगितलेस, आणि मला नाही? पण सांगितले असतेस तरी मी ऐकले असते का?

तुझे निरीक्षण अचूक होते. चाकणच्या कंपनीत चौतीस वर्षे मी तपासणी विभागात काढली. मोजमापाच्या गेजचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, नाहीतर हात हलतो आणि रीडिंग चुकते, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवीत असे. त्या बाकावर मला आणखी एक यंत्र आठवले, रुग्णालयात तुझ्या उशाशी ठेवलेले. त्याच्या पडद्यावरचा आकडा वरखाली होई, आणि तो स्थिर व्हावा म्हणून मी श्वास रोखून उभा राही. अकरा दिवस! तो स्थिर झाला नाही. आणि रोखलेला श्वास सोडायचे माझ्याकडून राहूनच गेले.

तुझ्या खेळाला मी किती हसलो! चेंडू जाळ्याच्या हातभर वरून, संथ, नेहमी कोर्टाच्या मध्यावर. "हे टेनिस नव्हे, हा भोंडला आहे," असे मी म्हणालो होतो. "भोंडला तर भोंडला. पण अहो, हरलात ना?" हे तुझे उत्तर. आणि प्रत्येक फटक्याबरोबर, गरम चहावर फुंकर घालावी तसा तू श्वास सोडायचीस.

सेक्टरच्या दुहेरी स्पर्धेत मी तुझ्या कानाशी पुटपुटलो, "तो आवाज बंद कर. कंपनीतली माणसे पाहत आहेत." तू बंद केलास. आपण हरलो. त्यानंतर तू माझ्या जोडीला कधीही उतरली नाहीस. गुडघ्याचे कारण सांगितलेस, आणि सलीमभाईंबरोबर मात्र रोज तासभर खेळत राहिलीस. मला कारण कळत होते. मी क्षमा मागितली नाही. आज मागतो आहे. फार उशीर केला, नाही का?

आज सकाळी सलीमभाईंनी मला ताकीदच दिली. "टप्पा पडला की श्वास घ्या, मारताना सोडा. जोर अर्धा. रेषेकडं बघायचंच नाही. जिथं टाकायला भीती वाटत नाही, तिथंच टाका."

"याला काय खेळ म्हणायचे?"

"बॉल परत येतोय ना? मग झालं की!"

मी तसे केले. आधी अवघडल्यासारखे झाले. मग टप्पा, श्वास, फटका, श्वास, असे आपोआप जुळत गेले. किती चेंडू झाले ते मला सांगता येणार नाही. मला! एका फटक्यानंतर श्वास थेट पोटापर्यंत उतरला, आणि मी कोर्टाच्या मध्यभागी तसाच उभा राहिलो.

सलीमभाई घाबरून जाळ्यापाशी धावले. "काय झालं? बसा, बसा खाली!"

"काही नाही," मी म्हणालो. "श्वास आला."

तेथूनच मी मुक्ताला फोन केला आणि सर्व सांगितले. लपवलेल्या सर्व वेळांसह. ती फार रागावली. "आईशी असं खोटं बोलला असतात का तुम्ही?"  मग म्हणाली, "राहा तिथंच. पण पुन्हा झालं तर त्याच क्षणी फोन. मी मीटिंगमध्ये असले तरी." मी शब्द दिला.

सुनंदा, तू नसताना मोकळा श्वास घेणे हा तुझ्याशी केलेला अपराध आहे, असे मला इतके दिवस वाटत होते. आज तसे वाटले नाही. मनावरचे केवढे ओझे उतरले, म्हणून सांगू!

मुक्ताला दिलेला शब्द तुलाही देतो. छाती कोंडली तर ते मी लपवणार नाही. मुक्ताला लगेच सांगेन, आणि ती येईपर्यंत बसून राहीन.

तुझा,
श्रीधर