साहेबांच्या दोन शब्दांची वाट

अण्णा, तुमचं पुस्तक निघतंय. शेवटचं प्रूफ काल लातूरहून आलं, आज मी इथं नांदेडला ते वाचून संपवलं आणि उद्या छपाईला लागतंय. लोह्याच्या आठवडी बाजारातली तुमची सगळी माणसं, मिरच्यावाली, बैल पारखणारा, चष्मे विकणारा, आहेत तशी उभी आहेत. माझी स्वतःची तीन पुस्तकं निघाली, पण एवढी मिजास मला कधी चढली नव्हती.

तुम्ही लिहायचात स्वयंपाकघरात. माय भाकरी थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून तिला वाचून दाखवताय. कुठं लांबलं की ती म्हणायची, "अवं, ती मिरच्यावाली एवढं बोलत बसली तर इकल कवा?" आणि तुम्ही, ज्यांना अख्खी शाळा टरकायची असे गुरुजी, मुकाट्यानं ओळ खोडायचात. मी निबंधात 'माझ्या मातोश्री' लिहिलं तेव्हा वही पुढ्यात टाकून म्हणालात, "घरात मायला मातोश्री म्हणून हाक मारतीस का? मारून दाखव." मी लई रडले होते. आता नवी लिहिणारी पोरं माझ्याकडं येतात, पुस्तक कसं काढायचं विचारतात, तर मी तेच सांगते. ज्याचे हात कामात आहेत अशा माणसाला वाचून दाखवा, त्याचं ध्यान उडालं तिथं खोडा. प्रूफ एकट्यानं तपासू नका, आपली चूक आपल्याला दिसत नाही. करार घरी आणून दोनदा वाचा, मग सही. आणि प्रस्तावनेसाठी कोणाच्या दारात बसू नका.

हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढतो. तुमचं पुस्तक पुरं झालं होतं. पण मोठ्या लेखक साहेबांचे 'दोन शब्द' आल्याशिवाय छापायचं कसं, म्हणून बाड त्यांच्याकडं दिलंत आणि वाट बघत राहिलात. दर दिवाळीला आठवणीचं पत्र, त्यातही 'सवडीने' हा शब्द. माय म्हणायची, "बाजार आपला, माणसं आपली, मग त्या सायबाला काय इचारून राहिले तुमी?" तुम्ही नुसते हसायचात. तुम्ही गेल्यावर मी बाड मागून आणलं, तर तुम्ही बांधलेली सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. त्या माणसाचा राग मला अजून आहे. थोडा तुमचाही.

आज दुपारी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "म्याडम, पुढची चार पानं मोकळी हायेत. प्रस्तावना न्हाई तर पुस्तक उघडं दिसल. तुमीच लिहा की." मी लगेच हाव म्हणाले. बापाच्या पुस्तकाला लेकीची प्रस्तावना, मुखपृष्ठावर तुमच्या खाली माझं नाव. कागद ओढला, 'अण्णा' लिहिलं, आणि झालं ते हे. चौथ्या पानावर आले तेव्हा कळलं की साहेबांच्या खुर्चीत आता मीच जाऊन बसले होते.

मालकांना कळवलं, ती पानं काढून टाका. पुस्तक उघडलं की सरळ मिरच्यावालीच बोलली पाहिजे. हे कागद मी तुमच्या बाडावर ठेवून त्याच सुतळीनं बांधते आहे. एक तेवढं कबूल करते. कळवण्याआधी मुखपृष्ठाच्या प्रुफावर तुमच्या नावाखाली माझं नाव पेन्सिलनं लिहून बघितलं होतं. चांगलं दिसत होतं, अण्णा.