ताईच्या मापाचे गाऊन

३ मार्च

चि. बारकीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू शिवलेले गाऊन पोचले. घालून बघितले, तर चाळीसच्या चाळीस माझ्या मापाचे! अगं शिंपीणबाई, या इस्पितळात माझ्याएवढी ताडमाड नर्स मी एकटीच. बाकीच्यांचे जमिनीवर लोळताहेत. मोठ्या सिस्टर विचारत होत्या, शिवणारीने मापं शिडीवर चढून घेतली का? परत पाठवायला वेळ नाही, साथ आपल्यासाठी थांबत नाही. टाचण्या लावून वापरायला काढलेत.

तीन महिने झाले, आता पाळीने एकेकीला आठ दिवस घरी सोडणार आहेत. माझी पाळी सव्वीस तारखेला. ठकूला सांग, आई येते आहे. पोर अंगाने भरली की नाही, तेवढं कळव.

लोभ असावा, पुढच्या खेपेला चार इंच कमी.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस बारकीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग लाज वाटली. इस्पितळाने तीन मापं लिहून दिली होती, कागद समोर भिंतीला टाचलेला होता. पण कापड पसरलं की तूच उभी राहायचीस. हा ताईला होईल, हाही होईल, असं म्हणत कापत गेले. तीन महिन्यांत तुझ्यासाठी एवढंच करता आलं गं.

बाबा रोज सकाळी चहा पार निवेपर्यंत हात जोडून बसतात. तुझ्या रोग्यांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून देवाला खाटांचे नंबर सांगतात, एक ते चाळीस. मी म्हटलं, देवाला यादी कशाला? तर म्हणाले, सध्या त्याच्याकडे गर्दी फार, एखादी राहून जायला नको.

ठकू भिंतीवर रोज एक रेघ ओढते आणि सव्वीस कधी ते विचारते. आता पाच वर्षांची घोडी झाली आहे, उचलताना जपून.

लोभ आहेच, तो घ्यायला ये.

तुझी बारकी

१८ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आढेवेढे न घेता सांगते, सव्वीसला येत नाही. माझ्या जोडीची छोटी सिस्टर पडली, मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. तिच्या खाटा माझ्याकडे आल्या. मोठ्या सिस्टर जा म्हणत होत्या, मीच नको म्हटलं.

बाबांना सांग, आता सेहेचाळीस झाले, सहा जण खाली गाद्यांवर आहेत. त्यांतले एक म्हातारे मास्तर रोज विचारतात, तुमचा देवावर विश्वास आहे का? मी म्हणते, आधी औषध घ्या. परवा मात्र त्यांच्याशेजारी टेकले आणि हात जोडले. काय मागितलं ते विचारू नकोस.

रागावशील, ठाऊक आहे. रागासकट लोभ असावा.

तुझी ताई

२५ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

रागावलेच होते. पोटच्या पोरीपेक्षा परक्यांच्या खाटा जवळच्या का, अशी तीन पानं लिहिली. टपालात टाकायला निघाले, तोच इस्पितळाच्या स्टोअरकीपरची चिठ्ठी आली. यापुढे गाऊन दिलेल्या मापाचेच शिवावेत, टाचणी निघून गाऊन पायात आल्याने एक सिस्टर पडल्या. ती पानं मी फाडली. ताई, तुझी सुटी माझ्यामुळे गेली, आणि तू पत्रात अवाक्षर काढलं नाहीस.

आता दुसरं. हे लपवणार होते, पण होत नाही. तू येत नाहीस म्हटल्यावर ठकूने रेघा ओढणं सोडलं. चार दिवस झाले, मला आई म्हणते. मी दरडावलं, मावशी म्हण. काल तिच्या हाकेला मी ओच दिली नाही, तर दाराआड जाऊन रडत बसली. बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तुझी सुटी घेतली, आता तुझी हाकही घेऊ का?

लोभ मागायला तोंड नाही.

बारकी

२ एप्रिल

चि. बारकीस ताईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस नुसतं खिशात घेऊन फिरले.

आधी गाऊनचं. ती टाचणी घाईघाईत मीच लावली होती, तेव्हा सगळं पाप एकटीने ओढून घेऊ नकोस. छोटी सिस्टर मजेत आहे. बसल्या बसल्या रोग्यांना त्यांची पत्रं वाचून दाखवते आणि तुझ्या शिवणकामाची चेष्टा करते.

ठकूचं वाचलं आणि चादरींच्या खोलीत जाऊन रडले. हेवा वाटला तुझा. मला घरी यायचं होतं गं. सव्वीसला काम करताना दिवसभर दाराकडे बघत होते.

पण ऐक. इथे एक बाई आहे, माझ्याहून वयाने कितीतरी मोठी. तापात मला आई म्हणून हाका मारते. पहिल्या दिवशी मी तिला समजावलं, मी नर्स आहे. तिने तोंड फिरवलं, पाणीसुद्धा घेईना. आता मी ओ देते. ती दोन घोट पिते. तिच्या आईचं त्यात काही गेलं असेल, असं मला वाटत नाही.

ठकूने हाक मारली की ओ देत जा. लगेच दे, तिला दोनदा हाक मारायला लावू नकोस. धीर मोठ्यांनी धरायचा, पाच वर्षांच्या पोरीने नाही. आणि मी आल्यावरही ती तुलाच आई म्हणाली, तर काही दिवस मी तिची मावशी होऊन राहीन. घरात राहायला मिळालं, म्हणजे झालं.

माझ्या वाट्याचा लोभ तिच्यावर करावा.

तुझी ताई