दोन गुंठ्यांचं विमान

आई, धायरीचे तुझे ते दोन गुंठे विकून मी विमान घ्यायला निघाले होते. हसू नकोस. तू गेलीस तेव्हा तुझी नात सात वर्षांची होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवत तू म्हणायचीस, "ही पोरगी काय घरात बसायची न्हाय." आता ती सव्वीस वर्षांची आहे, तिच्याकडे विमान चालवायचं लायसन्स आहे, आणि दोन वर्षं ती घरात बसून आहे.

तिच्या शिक्षणापायी आम्ही दोघांनी फंड रिकामे केले, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण लायसन्स हातात आल्यावर कळलं की पुढची रांग फार लांब आहे. परीक्षा झाल्या, मुलाखती झाल्या, मग फोन येणंच थांबलं. लायसन्स जिवंत ठेवायचं तर उडत राहावं लागतं, आणि उडायचं तर तासाच्या हिशेबाने पैसे भरावे लागतात. मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ती ओटा पुसत होती. हातातलं फडकं फारच पांढरंशुभ्र दिसलं म्हणून जवळ गेले, तर तो तिचा युनिफॉर्मचा शर्ट होता. "अगं, हे काय करतेस?" म्हटलं, तर शांतपणे म्हणाली, "सुती आहे मम्मी, पाणी छान शोषतं." रडली असती तर बरं झालं असतं गं. त्यानंतर ती जेवायची, आंघोळ करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण घरात कुणी नसल्यासारखं वाटायचं.

मग कुठूनसं कळलं की एक फ्लाइंग स्कूल बंद पडतंय आणि त्यांचं एका इंजिनाचं जुनं विमान विकायला आहे. किंमत ऐकली आणि पहिल्यांदा तुझी जमीन आठवली. दादाने हक्कसोडपत्र तयार करून आणलं होतं तो दिवस आठवतो तुला? माहेर तुटायला नको म्हणून मी सही करायलाच बसले होते. तू मंडईत भाजी विकून तशीच कचेरीत आलीस, पदराला मेथीची पानं चिकटलेली, आणि सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलीस, "पेन खाली ठेव. येडी हायेस का? बाईच्या नावावर पाय ठेवण्यापुरती तरी जागा पायजे." दादा तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. आज त्या तुकड्याच्या चारी बाजूंना इमारती आहेत आणि बिल्डरचा माणूस दर दोन महिन्यांनी मला फोन करतो. या वेळी मीच त्याला फोन केला.

ह्यांना सांगितलं तेव्हा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घ्या की. सोसायटीत स्कूटरला जागा नाही, विमान गच्चीत लावू." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

दात दुखतोय असं ऑफिसात सांगून मी एसटीने विमान बघायला गेले. धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड, आत ते उभं. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लहान, पंखाचा रंग उडालेला. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने सगळं दाखवलं. विकणाऱ्यांचाच माणूस, पण त्याला खोटं बोलता येईना. "ताई, विकत घेणं सोपं असतं," तो म्हणाला. "पुढे दरवर्षी तपासणी, विमा, शेडचं भाडं. उडालं नाही तरी भाडं द्यायचंच. पेट्रोल पंपावरचं नाही चालत, पिंपं मागवावी लागतात. आणि हे इंजिन आता उघडायला आलंय, त्यालाच निम्मी किंमत जाईल." मी विचारलं, पुण्यात ठेवता येईल का? "लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. तिथे आपल्याला कोण उभं करणार?" मग लेकीने भाडं घेऊन माणसं फिरवली, शिकवण्या घेतल्या तर? त्याला वेगळे परवाने. शेवटी मी म्हटलं, "निदान तिचे तास तरी वाढतील ना?" तो हात पुसत म्हणाला, "वाढतील. पण कंपन्यांना मोठ्या विमानाचं ट्रेनिंग लागतं. यात पाचशे तास उडाली तरी ती त्याच रांगेत." मी म्हटलं, "तरी चालेल." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

तरीही घरी येऊन लेकीला सांगितलं, विमान घेऊ या. आधी ती हसली, कित्येक महिन्यांनी. मग तिचा चेहरा बदलला. "मम्मी, मी विमान मागितलं होतं का?"

"मग काय हवंय ते तरी सांग. काहीही सांग."

"माझ्या खोलीची आतली कडी कुठे गेली, ते मला कळत नाही असं वाटतं तुला?"

आई, ती बाहेर गेली असताना स्क्रू ड्रायव्हरने मीच ती कडी काढली होती. लेक जमिनीकडे बघत म्हणाली, "बरं केलंस काढलीस ते." तेव्हा मी तिला धरलं आणि आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसलो. हे दारात येऊन उभे राहिले.

गेले पाच मंगळवार मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जाते. ती आत असते, मी बाहेर बाकावर. गोळ्यांनी झोप लागते म्हणते. नोकरीचा विषय आम्ही काढत नाही. बिल्डरला नाही म्हणून कळवलं, मेकॅनिकलाही. तो म्हणाला, "बरं झालं ताई." बरं झालं की नाही, मला अजून ठाऊक नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. हे कुणालाच सांगितलेलं नाही, तिलाही नाही. त्या विमानात दोनच सीटा होत्या. ती जेव्हा जेव्हा उडेल तेव्हा दुसऱ्या सीटवर मी बसायचं, तिला एकटीला वर जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मला त्यातलं काहीही चालवता येत नाही, आई. मी नुसती तिच्या शेजारी बसणार होते.