पालखीखाली बाबा का नव्हते?

आई, आधी तुझ्या पाया पडते.

मी मस्त आहे. ऑफिसमधल्या सुरैयासोबत सोहारला फिरायला आलेय. इथे आखातात रमजानच्या पौर्णिमेला करनकशो असतो. छोटी मुलं शिंपले वाजवत, गाणी म्हणत घरोघरी फिरतात आणि लोक त्यांना खाऊ देतात. इतकं क्यूट! मला आपला शिमगाच आठवला.

शिमग्याचा व्हिडिओ परत परत बघितला गं. पालखीखाली बाबांच्या जागी शेजारचा धनेशदादा का आहे? बाबा तर तापातसुद्धा खांदा सोडत नाहीत. मागे ओटीवरही दिसले नाहीत. फोन केला की तू म्हणतेस, "झोपलेत."

काजूचं झाड मोहरलं का?

आज फोन करेन, तेव्हा त्यांना उठव. नुसतं "काय गं विशू" म्हणू देत, बास.

तुझीच, वेळेवर जेवणारी,
विशाखा